चाकामागचा बटवा

“बूट फाटलाय,” मिस्त्री म्हणाले आणि मी नकळत स्वतःच्या पायांकडे पाहिलं. ते गाडीच्या पुढच्या डाव्या चाकामागे डोकं घालून उकिडवे बसले होते. तिथूनच हसले. “तुमचा नाही हो साहेब, एक्सलचा.”

आठ-दहा दिवसांपासून सोसायटीच्या फाटकातून वळताना, स्टिअरिंग पूर्ण कापलं की चाकापाशी टिक-टिक-टिक असा आवाज यायचा. गाडी सरळ झाली की आवाज गप्प. टायरमध्ये खडा अडकला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. मिस्त्रींनी बॅटरीचा झोत टाकला तेव्हा कळलं, खडाबिडा काही नाही. रिमच्या आतल्या बाजूला काळपट ग्रीसचे फराटे उठले होते, रंगपंचमीला कुणी पिचकारी मारून पळून जावं तसे. त्यामागे दांड्यावर बसलेलं, मुठीहून थोडं मोठं, पेटीच्या भात्यासारख्या वळ्यांचं एक रबरी नरसाळं होतं. त्याच्या एका वळीच्या खाचेत आडवी चीर पडली होती.

“घरी बदलता येईल का?”

“येईल की. हत्यारं माझी न्या. पण आत काय चाललंय ते आधी समजून घ्या, मग हात घाला.”

सल्ला मी मनावर घेतला. त्यात दोन रविवार गेले, नखांतलं काळं आठवडाभर निघालं नाही. पण इतकी वर्षं आपण कशाच्या भरवशावर वळणं घेत होतो, ते पहिल्यांदा कळलं.

सुरुवात सायकलपासून करू. सायकलीत कामाची वाटणी सरळ आहे. मागचं चाक ढकलतं, पुढचं वळतं. साखळी मागच्या चाकाला असते, कारण पुढच्या चाकाला ती लावली तर हँडल वळवताच ती पिळवटेल. जुन्या मोटारींनीही हीच वाटणी पाळली होती. अँबॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनीचं इंजिन पुढे, पण ताकद जायची मागच्या चाकांना. गाडीच्या पोटाखालून एक लांब दांडा फिरत जायचा. मागच्या सीटवर मधे बसणाऱ्याला पाय कुठे ठेवावेत असा प्रश्न पडायचा. पायांखालचा तो उंचवटा त्या दांड्याला वाट करून देण्यासाठीच होता.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि आपल्या रस्त्यांवर दुसरा प्रकार रुळू लागला. इंजिन आडवं, त्याला चिकटून गिअरबॉक्स, आणि तिथून डावी-उजवीकडे निघालेले दोन आखूड दांडे थेट पुढच्या चाकांत. लांब दांडा गेला, उंचवटा गेला, वजन घटलं. पण पुढच्या चाकाच्या गळ्यात दोन कामं पडली. त्यानंच ओढायचं आणि त्यानंच वळायचं. शिवाय खड्ड्यात वर-खाली व्हायचं ते वेगळंच. म्हणजे गिअरबॉक्समधून निघालेली फिरकी एका कोपरातून वळवून चाकापर्यंत न्यायची, आणि तो कोपरा दर क्षणी बदलता. फाटकातून वळताना तो जवळजवळ ४५ अंशांपर्यंत, म्हणजे काटकोनाच्या निम्म्यापर्यंत जातो.

फिरकी वळवण्याची एक युक्ती माणसाला फार आधीपासून ठाऊक आहे. रॉबर्ट हूक, तोच, स्प्रिंगचा नियम मांडणारा, त्यानं सतराव्या शतकात ती वापरली. दोन दांड्यांच्या टोकांना दोन चिमटे, आणि मधे अधिकच्या चिन्हासारखा एक तुकडा. ट्रकच्या पोटाखाली आजही हाच सांधा दिसतो. वाकतो छान, फिरतोही छान. पण त्याच्यात एक खोड आहे. पहिला दांडा अगदी एकसारख्या वेगानं फिरवला तरी दुसरा तसा फिरत नाही. एका फेऱ्यात तो दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. सांधा ३० अंशांत वाकलेला असेल तर दुसऱ्या दांड्याचा वेग कधी १३ टक्क्यांनी कमी होतो, कधी १५ टक्क्यांनी वाढतो. ४५ अंशांत तर तो सत्तर टक्क्यांपासून एकशे चाळीस टक्क्यांपर्यंत हेलकावतो. असा सांधा वळणाऱ्या चाकाला जोडला तर प्रत्येक वळणावर स्टिअरिंग हातात थडथडेल आणि टायर दर फेऱ्याला दोनदा हिसका खाईल.

मग हिसक्याशिवाय फिरकी वळवायची कशी? उत्तर समजून घ्यायला घरातला आरसा पुरतो. एक पेन्सिल घ्या, तिचं टोक आरशाला तिरकं टेकवा आणि ती बोटांत गोल फिरवा. आरशातली पेन्सिलही फिरते. तुमची हळू तर ती हळू, तुमची झपाट्यानं तर तीही झपाट्यानं. एका क्षणाचाही फरक नाही. पडणं शक्यच नाही. कोन कितीही तिरका करा, प्रतिबिंब मागे पडत नाही की पुढे धावत नाही. आता कल्पना करा, आरशातली पेन्सिल खरी आहे. तुमच्या हातातली पेन्सिल आणि ती मिळून एक वाकलेला दांडा झाला, आणि आरसा उभा आहे बरोबर त्या कोपराच्या मधोमध, कोन निम्मा-निम्मा वाटत. दोन दांड्यांनी एकमेकांना जिथे-जिथे स्पर्श करायचा, त्या सगळ्या जागा जर नेहमी या आरशाच्या पातळीतच राहिल्या, तर दोन्ही दांडे अगदी सारख्या वेगानं फिरतील. कारण आरशावरचा प्रत्येक बिंदू दोन्ही अक्षांपासून सारख्याच अंतरावर असतो.

तत्त्व एवढंच. अडचण अशी, की चाक वळलं की कोन बदलतो आणि कोन बदलला की आरसाही हलायला हवा; चाक जेवढं वळेल त्याच्या बरोबर निम्मा. हा अदृश्य आरसा धरून हलवणार कोण?

फोर्ड कंपनीतला इंजिनिअर आल्फ्रेड रझेप्पा याचं उत्तर होतं सहा पोलादी गोळ्या. १९२६ साली त्यानं बांधलेला सांधा आजही त्याच्याच नावानं ओळखतात, आणि त्याचंच सुधारलेलं रूप आज बहुतेक मोटारींच्या चाकामागे आहे. गॅरेजमध्ये त्याला सीव्ही जॉइंट म्हणतात. बाहेरून एक पोलादी वाटी, तिच्या आत सहा वक्र चर. वाटीच्या पोटात एक लहान गोलसर तुकडा, त्यालाही बाहेरून सहा चर. दोन चरांच्या मधे एक-एक गोळी. आणि सहाही गोळ्यांना एकाच पातळीत धरून ठेवणारा एक पिंजरा.

खरी गंमत चरांच्या वळणात आहे. बाहेरच्या आणि आतल्या चरांची वर्तुळं एकाच केंद्रावरून काढलेली नसतात. ती थोडी मागे-पुढे सरकवलेली असतात. त्यामुळे दोन चरांमधली जागा एका बाजूला अरुंद आणि दुसऱ्या बाजूला रुंद होते. चिमटीत धरून दाबला की चिंचोका जसा सुळकन पुढे निसटतो, तशी गोळी अरुंद बाजूकडून रुंद बाजूकडे ढकलली जाते. पिंजरा सगळ्यांना एकत्र अडवतो. या ढकलाढकलीत सहाही गोळ्या आपोआप येऊन थांबतात त्या बरोबर कोन निम्मा करणाऱ्या पातळीत. आरसा धरायला कुणी लागतच नाही; चरांचा आकारच तो धरतो. १९५९ साली इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक इसिगोनिसची इवलीशी मिनी आली, तिच्या पुढच्या चाकांत याच जातीचा सांधा होता. आडवं इंजिन आणि पुढच्या चाकांना ताकद, ही लहान गाडीची मांडणी तिच्यानंतर जगभर पसरली.

दांड्याच्या दुसऱ्या टोकाला, गिअरबॉक्सपाशी, आणखी एक सांधा असतो. तो फारसा वाकत नाही, पण आत-बाहेर सरकतो, कारण चाक खड्ड्यात उतरलं की दांड्याला लागणारी लांबी बदलते. वाकणं बाहेरच्याकडे, सरकणं आतल्याकडे. प्रत्येकाचा आपापला बूट.

आता गोळ्यांचा विचार करा. टायरचा घेर साधारण १.८ मीटर धरला तर ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला नऊ फेरे घेतं. लाख किलोमीटर चाललेल्या गाडीच्या चाकानं साडेपाच कोटी फेरे घेतलेले असतात. सांधा वाकलेला असला की प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक गोळी आपल्या चरात एकदा पुढे जाते आणि एकदा मागे येते. इंजिनाची सगळी ओढ त्या गोळ्या जिथे चराला टेकतात त्या चिमुकल्या जागांवरून जाते. पोलादाला पोलाद थेट घासलं तर हा खेळ फार दिवस चालणार नाही. तो चालतो तो मूठभर ग्रीसमुळे.

ग्रीस म्हणजे घट्ट तेल, असं मला वाटायचं. ते तसं नाही. त्यात तीन चतुर्थांशाहून जास्त वाटा तेलाचाच असतो, पण ते धरून ठेवतो साबण. अंघोळीचा नव्हे, लिथियमचा साबण. त्याच्या अतिसूक्ष्म तंतूंचं जाळं होतं आणि तेल त्या जाळ्यात अडकून बसतं. फडक्यात बांधून टांगलेल्या दह्याचा चक्का आठवा. घट्ट दिसतो, तरी दाबला की पाणी सुटतं. ग्रीसही दाबलं की गरजेपुरतं तेल सोडतं. ढवळल्यावर श्रीखंड जसं सैल पडतं, तसं गोळीच्या वाटेतलं ग्रीस ती फिरताना मऊ होतं आणि थांबली की पुन्हा घट्ट बसतं. सांध्याच्या ग्रीसला काळा रंग येतो तो मोलिब्डेनम डायसल्फाइडमुळे. त्याचे कण पापुद्र्यापापुद्र्यांचे असतात. पत्त्यांचा कॅट टेबलावर ढकलला की पत्ते जसे एकमेकांवरून सरकतात, तसे ते पापुद्रे सरकतात. दाब इतका वाढला की तेलही बाजूला सारलं जातं, तेव्हा गोळी आणि चर यांच्यामध्ये हे पत्ते शिल्लक उरतात.

आणि हा लिथियमचा साबण येतो कुठून? त्यासाठी लागणारं आम्ल बहुतेकदा एरंडेलापासून बनवतात. जगात एरंडीचं सर्वांत जास्त पीक भारतात होतं, त्यातलं बहुतांश गुजरातेत. हे वाचलं तेव्हा मी हातातलं फडकं खाली ठेवलं. बैलगाडीच्या आसाला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एरंडेल घालत आले. चाक बदललं, आस बदलला, ओढणारा बदलला. एरंडी मात्र रूप पालटून अजून चाकापाशीच बसली आहे.

आता राहिला बूट. ग्रीस कितीही गुणी असलं तरी ते जागेवर राहायला हवं. गाडी ६० च्या वेगात असताना सांध्याच्या भिंतीजवळच्या ग्रीसवर त्याच्या वजनाच्या जवळपास चौदापट जोर बाहेरच्या दिशेनं येतो. त्याला अडवतो तो एवढासा रबरी बटवा. आजीबाईच्या बटव्यासारखाच हा, दोन्हीकडून आवळून बांधलेला. एक गळपट्टी जाड सांध्यावर, दुसरी बारीक दांड्यावर. वळ्या अशासाठी, की सांधा वाकला की एका बाजूच्या वळ्या मिटतात आणि दुसऱ्या बाजूच्या उघडतात. दांडा फिरत असल्यामुळे प्रत्येक वळी दर फेऱ्याला एकदा मिटते आणि एकदा उघडते. हा ताण वर्षानुवर्षं सोसायला जुन्या काळचं नैसर्गिक रबर पुरेसं नव्हतं. तेलानं ते फुगतं आणि हवेतल्या ओझोननं तडकतं. म्हणून बूट निओप्रीनसारख्या कृत्रिम रबराचे किंवा त्याहून चिवट लवचीक प्लॅस्टिकचे करतात. तरी ओझोन ताणलेली जागा हेरतोच. म्हणून चीर जवळजवळ नेहमी वळीच्या खाचेत पडते.

एकदा चीर पडली की फिरत्या चाकाबरोबर ग्रीस भिरकावलं जातं. ते निम्मं नुकसान. उरलेलं निम्मं उलट्या दिशेनं येतं: त्याच फटीतून रस्त्यावरची धूळ आणि पावसाचं पाणी आत शिरतं. धूळ मिसळलेलं ग्रीस हे वंगण राहत नाही, ती घासायची लुगदी होते. इंजिनाचे व्हॉल्व्ह बसवताना जी पेस्ट लावून घासतात, तिची कृती हीच: ग्रीस आणि बारीक कडक कण. म्हणजे सांधा स्वतःच स्वतःला सहाणेवर धरतो. चरांत खळगे पडतात, आणि सांधा पूर्ण वाकला की गोळी खळग्यातून जाताना ठोका देते. टिक-टिक.

पहिल्या रविवारी डावी बाजू उघडली. मागच्या चाकांना लाकडी गुटके लावले, हँडब्रेक ओढला. चाकाच्या मधोमधचा मोठा नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केला, कारण तो फार घट्ट असतो. पान्याला पाइप जोडून मी त्यावर लोंबकळलो, तेव्हा तो करकरला. मग जॅक, आणि जॅकखेरीज भक्कम स्टँड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही, ही मिस्त्रींची एकच अट होती. चाक काढलं, खालचा बॉल जॉइंट सोडवला, हब बाहेरच्या बाजूला झुकवला आणि दांड्याचं टोक त्यातून निसटलं. आतल्या बाजूला मात्र दांडा ओढायचा नाही. तो गिअरबॉक्समधून सुटला तर ऑइल जमिनीवर येतं. बुटाच्या गळपट्ट्या कापल्या आणि सांध्याच्या आतल्या तुकड्यावर पितळी रॉड टेकवून हातोडीचा एक नेमका घाव घातला. आतली सर्कलिप सुटली आणि सांधा हातात आला.

थाळीत रॉकेल घेऊन तो धुतला. पिंजरा हाताने तिरका करत नेला की गोळ्या एकेक करून बाहेर येतात. कुठली गोळी कुठल्या चरातली, ते आधी खूण करून ठेवायचं, कारण प्रत्येकीनं आपला चर ओळखून घेतलेला असतो. सहा चरांपैकी चार चकचकीत होते. दोहोंत नखाला लागतील असे खळगे होते. मिस्त्रींना फोटो पाठवला. “याला नवं ग्रीस भरून काय उपयोग? दोन दिवस गप्प बसेल, मग पुन्हा बोलेल. सांधाच बदला.” बदलला. बूट आणि ग्रीस नव्या सांध्याबरोबरच आले.

पण जाता-जाता उजव्या चाकामागेही बॅटरी मारली. तिथला बूट फाटला नव्हता, पण खाचेत बारीक तडे होते आणि रिमवर ग्रीसचा एकच पुसटसा फराटा. सांधा आवाज करत नव्हता. दुरुस्तीची खरी वेळ ही.

सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावून तडा चिकटवावा, असा मोह मलाही झाला. पण ग्रीस मुरलेल्या रबराला काहीच नीट चिकटत नाही, आणि जे चिकटतं ते सेकंदाला नऊ वेळा उघड-मीट सोसत नाही. उभा कापलेला, बाहेरून गुंडाळून जोडायचा बूटही मिळतो. अडीअडचणीला ठीक, पण त्याचा जोडच पहिल्यांदा उसवतो. म्हणून दुसऱ्या रविवारी तीच सगळी कसरत उजव्या बाजूला.

या खेपेला चर निघाले आरशासारखे. सांधा धुऊन पूर्ण कोरडा केला, कारण रॉकेलचा अंशही राहिला तर नवं ग्रीस पातळ होतं. बुटाच्या पाकिटात ग्रीसची थैली येते, त्या सांध्यासाठी मोजून दिलेली. तीच पूर्ण वापरायची. डब्यातलं साधं ग्रीस चालत नाही. त्यात ते पत्ते बहुधा नसतात, आणि जुन्या-नव्या ग्रीसचे साबण वेगळे असतील तर मिश्रण पातळ होऊन गळू शकतं. आधी बूट दांड्यावर चढवायचा, मग सांधा. हा क्रम चुकला तर काय होतं, ते मी सांगणार नाही. मला पुन्हा सांधा ठोकून काढावा लागला एवढंच.

ग्रीस बोटांनी गोळ्यांमागे दाबून भरायचं, पिंजरा हलवत, पुरणपोळीत पुरण काठापर्यंत सारावं तसं. उरलेलं बुटात. मग बारीक गळपट्टी आवळली. जाड गळपट्टी आवळण्याआधी एक शेवटची गोष्ट: बुटाच्या कडेखाली बोथट स्क्रूड्रायव्हर सारून आतली जास्तीची हवा सोडायची. नाहीतर सांधा तापल्यावर हवा फुगते आणि बटवा ताणून बसतो. फुस्स झालं, वळ्या आपापल्या जागी सैलावल्या, गळपट्टी आवळली. हबचा मोठा नट नवा लावून, चाक जमिनीवर टेकल्यावर, टॉर्क पान्यानं कंपनीनं दिलेल्या मापाला घट्ट केला. त्याआधी गाडी एक फूटही ढकलायची नाही. तो नटच चाकाचं बेअरिंग आवळून धरतो.

संध्याकाळी फाटकातून दोन्ही बाजूंना स्टिअरिंग पूर्ण कापून गाडी बाहेर काढली. काही ऐकू आलं नाही.

डाव्या बाजूचा जुना सांधा माझ्या टेबलावर आहे. घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी तो वाकवून फिरवून दाखवतो आणि गोळ्यांचा तो मधोमध उभा राहणारा आरसा शोधायला लावतो. मुलं लगेच शोधतात.

बैलगाडीचं चाक कुरकुरलं की गाडीवान उतरायचा आणि आसाला वंगण घालायचा. चाक मागायचं, तो द्यायचा. आपण सांध्याचं वंगण बटव्यात बंद केलं, तेव्हा चाकाचं ते मागणंही बंद झालं. आता सांधा बोलतो तो मागण्यासाठी नव्हे; संपल्याचं सांगण्यासाठी. म्हणून वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, मी स्टिअरिंग पूर्ण कापून गाडी उभी करतो, चाकामागे बॅटरी मारतो आणि वळ्या एकेक करून तपासतो. शेजारी विचारतात, काय हरवलंय? मी सांगतो, काही नाही, बूट बघतोय. तेही आपल्या पायांकडे पाहतात.